चाखल्याशिवाय

आमच्या प्रयोगशाळेत ‘शिकला’ या शब्दाचा अर्थ जगावेगळा. पिंजऱ्यात लाल-काळा कडू किडा सोडायचा. पक्ष्याने चोच मारली, थुंकला आणि पुढच्या वेळी तोंड फिरवलं, की तो शिकला. भित्रे पक्षी मान वाकडी करून बघत बसतात, पण एकदा चव कळली की पुन्हा वाटेला जात नाहीत. धीट पक्षी लगेच झडप घालतात, आणि तोंड कडू झालं तरी पुन्हा घालतात. आज एका मादीने तर किड्याला चोचच लावली नाही. सर म्हणाले, “लिहा, शिकली नाही.”

“अहो सर, तिला रंग बघूनच कळलंय.”

“चाखल्याशिवाय कळलं, हे कशावरून?”

लिहिलं बाई. डोक्याला ताप कोण करून घेणार!

घरी आले तर माझ्याकडे राहायला आलेली ताई बॅग भरत होती. दुपारी भावजी येऊन गेले म्हणे. रडले, हात जोडले. थोड्या वेळाने तिला न्यायला येणार होते. ताई लहानपणापासून धीट. भुंकणाऱ्या कुत्र्याला आधी हात लावणार ती, आणि चावा खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा लावणारही तीच.

“ताई, अगं गालावरचा वळ अजून गेला नाही. नको ना जाऊस.”

“या वेळी खरंच बदललेत ते.”

“मागच्या वेळीही खरंच बदलले होते!”

“तुला काय कळणार? संसार केलायस कुठे तू?”

दिवसभरात दुसऱ्यांदा तेच ऐकलं. असा संताप आला! पण भांडायलाही अंगात त्राण लागतं, आणि मी पार थकले होते. दर वेळी मीच समजवायचं, मीच रडायचं, आणि हिने आपलं तेच करायचं. गुपचूप तिच्या साड्यांच्या घड्या घालायला बसले.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. बॅग मीच उचलली. भावजी हसून म्हणाले, “काय मेहुणीबाई, आमच्यावर राग?” मी बॅग त्यांच्या पायाशी ठेवली. ते डिकी उघडायला मागे गेले, तशी ताई माझ्या कानाशी आली.

“तुझ्या घराची किल्ली माझ्याकडेच राहू दे हं,” ती हळूच म्हणाली.

“राहू दे,” मी म्हटलं. “कुलूप नाही बदलणार मी.”