शेडवर न पोचलेला शेवट

माझी आई तासगावला एका शेडवर बेदाणा निवडायला जाते. काळा, फुटका, देठासकट राहिलेला दाणा बाजूला काढायचा. हात दिवसभर गुंतलेले आणि कान मोकळे. त्या मोकळ्या कानांत मी जानेवारीपासून एक कादंबरी ओतत होते.

कादंबरी परदेशी, चाळीस वर्षांपूर्वीची. जगभर तिच्यावर जीव टाकणारे आहेत आणि तिला नावं ठेवणारेही तेवढेच. एक अख्खं शहर एका कंपनीच्या मालकीचं असतं. कंपनी एका मुलीला लोखंडी हात बसवते, तिच्या डोक्याला तार जोडते, आणि त्या तारेतून ती मुलगी दुसऱ्यांच्या संगणकांत शिरून तिथली गुपितं पळवून आणते. मी सांगलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. तीन वर्षं खपून मी ही कादंबरी मराठीत आणली. प्रकाशकांनी चार प्रकरणं वाचली आणि विचारलं, "मॅडम, हे मराठीत वाचणार कोण?" मला ते झोंबलं. कुणी नाही म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते, हा माझा जुना दोष. त्याच संध्याकाळी मी पहिलं प्रकरण मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड केलं, आईला पाठवलं आणि सांगितलं, शेडवर लाव.

खरं तर प्रकाशक हे निमित्त होतं. मला आईचं मत हवं होतं. आईची शाळा चौथीत सुटली, पण माझी तिने सुटू दिली नाही. माझा पगारी नोकरीचा कागद तिने विहारात सगळ्यांना दाखवला होता. पण मी दिवसभर नेमकं काय करते, कशात रमते, हे तिला सांगायचा योग कधी आलाच नाही. हे पुस्तक तिला पोचलं तर मी पोचले, असं काहीतरी माझ्या मनाने घेतलं होतं.

रोज दुपारची जेवणं झाली की शेडवरच्याच पूजा नावाच्या मुलीच्या छोट्या स्पीकरवर एक तुकडा लागायचा, आणि संध्याकाळी आई फोनवर मला सगळ्यांची मतं सांगायची. सगळ्यांची, स्वतःचं सोडून.

तानुबाई शेडवरच्या सगळ्यांत थोरल्या. त्यांना पुस्तक पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं. ज्या गोष्टीत कुठे चूल पेटत नाही आणि कुणी कुणाला जेवलास का म्हणून विचारत नाही, ती कसली गोष्ट, असं त्यांचं म्हणणं. शिवाय गोष्ट सांगणाऱ्याने मध्ये थांबायचं, ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचं, मग पुढे जायचं, ही रीत. हा फोन मेला पळतच सुटतो. मी चडफडले, पण पुढच्या तुकड्यांत जागा सोडत वाचू लागले. जिथे थांबायला जागाच सापडेना, ती माझी वाक्यं मुळात वाईट होती हेही त्यात कळलं. ती मी गुपचूप बदलली.

पूजा बी.कॉम. झालेली, नोकरी लागेपर्यंत शेडवर येणारी. तिला ती मुलगी फार आवडायची. कंपनी मुलीचे हात बंद पाडते त्या दिवशी पूजाच्या डोळ्यांना धार लागली, आणि निवडलेला नि न निवडलेला बेदाणा एकत्र झाला. शेडचे मालक लालासाहेब मात्र कंपनीच्या बाजूने. हात कंपनीने दिले तर काम नको करायला? ते असं बोलले म्हणून बायकांनी दोन दिवस त्यांना चहा विचारला नाही. गोष्टीपायी काम मंदावतं अशी तक्रार करणारे हे मालक स्वतः वजनकाट्यापाशी उभे राहून तुकडा संपेपर्यंत हलायचे नाहीत.

एक गंमत आणखी झाली. कादंबरीत सगळी हकीकत ती मुलगी स्वतःच सांगते, 'मी गेले', 'मी पडले' असं. आणि आवाज माझा. निम्म्या बायकांची समजूत झाली की हे सगळं माझंच चाललंय, फक्त नावं बदलून सांगते आहे. पोरगी तिकडे कंपनीचं खाऊन वाळली असेल म्हणून तानुबाईंनी माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी पाठवली. मी हे स्टाफरूममध्ये सांगून सगळ्यांना हसवलं.

शेवटचं प्रकरण मी सोमवारी पाठवलं. आईने ते ऐकल्याची निळी खूण फोनवर त्याच संध्याकाळी दिसली. पण आईचा फोन आला तेव्हा ती पाण्याच्या टँकरबद्दल बोलली. मंगळवारी शेजारच्या लग्नाबद्दल. बुधवारी मी न राहवून विचारलं, तर म्हणाली, "बरं हाय. ठेवू का?"

मी तर पार खचले. शेवट हाच त्या कादंबरीचा कळस. ती मुलगी कंपनीच्या हातून सुटते, पण शरीर मागे ठेवून. तारांच्या त्या जगात कायमची निघून जाते. त्या दोन पानांवर मी चार महिने घालवले होते. आणि शेडवरून एक शब्द नाही. तानुबाईंची शिवीसुद्धा नाही. प्रकाशकांचंच खरं म्हणायचं, असं मी शनिवारी दुपारपर्यंत ठरवलं आणि मग तिरीमिरीत तासगावची एसटी पकडली.

शेडच्या दारात पाऊल टाकलं तर पूजाच पुढे आली. "ताई, शेवट कवा पाठवणार तुमी? काकूंचा फोन बिघडलाय म्हणं, सोमवारपासनं काय येतच न्हाई."

मी आईकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. तिचे हात मात्र भराभर चालायला लागले. लालासाहेब म्हणाले, माया आलीच आहे तर शेवट तोंडीच सांगू दे. आई म्हणाली, दमून आलीय ती, उद्या बघू. बायका कुरकुरल्या, पण चंद्राबाईंपुढे, म्हणजे माझ्या आईपुढे, शेडवर कुणाचं चालत नाही.

घरी आलो. आईने चहा टाकला. मी उभ्यानेच विचारलं की तुझा फोन तर चांगला चालतोय, मग शेवट लावला का नाहीस? एवढा वाईट झालाय?

आईने गॅस बारीक केला.

"वाईट कशानं? लई चांगलं वाचलंयस. म्हणूनच लावलं न्हाई."

"म्हणजे?"

"मला कळतंय माया, पुस्तक हाय ते. तानुबाईसारखी येडी न्हाई मी. पर आवाज तुझा हाय न्हवं? 'आता मी घरी परत येणार नाही, माझी वाट बघू नका' म्हणतीस तू त्यात. लई शांत म्हणतीस. मी हितं एकटीनं तीनदा ऐकलं. ते चार बायांत लावायचं आन् मी हात चालवत बसायचं? मला न्हाई जमलं."

त्या वाक्यासाठी मी अकरा शब्द बदलून बघितले होते. शांत वाटलं पाहिजे म्हणून आधी तोंड मिटून दीर्घ श्वास घेऊन मग वाचलं होतं. आणि दिवाळीला घरून गेले ती आज आले होते. सांगली ते तासगाव, एसटीने तासाभराची वाट. वेळ नव्हता म्हणायचे मी, भाषांतर चालू आहे.

मी तिच्या शेजारी ओट्यापाशी उभी राहिले. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. आईने कपात चहा ओतला आणि माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "उद्या बी शेड चालू हाय."

रविवारी मी तिच्याबरोबर गेले. पूजाने पोतं अंथरून मला आईच्या शेजारी जागा केली. लालासाहेबांनी काट्याचं काम दुसऱ्याला दिलं. मी कागद उघडले आणि वाचायला लागले. बायकांचे हात चालू होते, बेदाण्याचा बारीक आवाज येत होता. मुलगी कंपनीच्या दारातून बाहेर पडली, डोक्याला शेवटची तार लावली, आपल्या गल्लीकडे वळून बघितलं. पुढचं वाक्य ते होतं. मी थांबले. तानुबाई म्हणाल्या, झालं का? पूजाने त्यांना गप्प केलं.

आईने दाणे निवडता निवडता आपला गुडघा माझ्या गुडघ्याला टेकवला.

"म्हण की आता," ती म्हणाली. "तू हितं बसलीयास. आता म्हण खुशाल."