बाबांच्या ट्रकचे शाफ्ट

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा बोरिस हा विम्याच्या कचेरीत बसून कागद सरकवणारा माणूस. त्याच्या हाताला ग्रीस लागलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि त्या रविवारी जेवायला बसलो असताना बाबांनी मला सोडून त्याला विचारलं, "बोरिस, या वेळी ट्रकला शाफ्ट कुठले घालूया?"

माझा चमचा सुपात तसाच राहिला. शाफ्टबद्दल? याला?

बाबा कालामाच्या तांब्याच्या खाणीत एकतीस वर्षं घराएवढ्या ट्रकांचे गिअरबॉक्स उघडत होते. निवृत्त झाले आणि त्यांना रिमोटच्या ट्रकचं वेड लागलं. मांडीवर मावेल एवढा ट्रक, पण मोटर अशी की हातातून निसटला तर नडगी फोडेल. गावाबाहेर मातीची धावपट्टी आहे. दर रविवारी दहा-बारा निवृत्त खाणवाले तिथे आपापले ट्रक उडवतात आणि पोरांसारखे भांडतात.

बाबांची खोड एकच. ट्रक उंचवट्यावरून हवेत गेला तरी ते रिमोटवरचा वेगाचा घोडा सोडत नाहीत. चाकं हवेत गरगरत राहतात, जमिनीला टेकली की एकदम अडतात, आणि सगळा झटका शाफ्टवर येतो. मोटरची ताकद चाकांपर्यंत नेणारी ती बोटाएवढी दांडी पिळवटून तुटते. गेली सहा वर्षं तुटलेली दांडी माझ्याकडे यायची. मी खाणीच्या यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर आहे. बाबा तुकडा माझ्यासमोर ठेवून म्हणायचे, "इवोन, बघ गं." धाकट्या यास्नाला ते असं काहीच सांगत नसत. ती दिसायला गोड, मी हाताची पक्की, अशी आमच्या घरातली वाटणी होती आणि मला ती मान्य होती.

तर मी शाफ्ट करायचे. तुटला की पुढचा जाड करायचे, तोही तुटला की आणखी कडक पोलादाचा. आम्हा खाणवाल्यांना दुसरा उपाय माहीतच नाही. शेवटची जोडी मी दगड फोडणाऱ्या ड्रिलच्या पोलादातून काढली होती. ती तुटली नाही. मात्र तीन महिन्यांत दोन गिअरबॉक्सचे दात गेले. मी म्हटलं, गिअरबॉक्सच कचरा आहे.

बोरिसने पिशवीतून एक पाकीट काढलं. आधीच आणून ठेवलं होतं, बघा!

"ताईंचे शाफ्ट मजबूतच आहेत, बाबा," तो म्हणाला, "पण ते तुटत नाहीत म्हणून मागचं सगळं तुटतं. यात सांध्याला एक नरम पिन आहे. जोरात झटका बसला की ती तेवढी तुटते, बाकी वाचतं. दोन मिनिटांत दुसरी घालायची."

त्याने माझ्या बापाला बाबा म्हणणं हेच मला सोसत नव्हतं. त्यात तो बरोबर बोलत होता. असल्या नरम पिना मी स्वतः दर आठवड्याला खाणीच्या सरकत्या पट्ट्यासाठी करते. पट्टा अडकला की पिन तुटावी, मोटर जळू नये म्हणून. माझ्या रोजच्या हातातली गोष्ट मला सुचली नाही, या कागदवाल्याला सुचली. माझा नुसता जळफळाट झाला.

बाबांनी त्याच्या पाठीत थाप मारली. "याला म्हणतात डोकं! एकतीस वर्षं खाणीत घालवली, पण हे कुणी बोललं नाही."

"ताई, तोंड का असं केलंस?" यास्नाने विचारलं.

"सूप गरम आहे."

"पाऊण तास झाला वाढून."

निघताना बाबांनी ट्रक आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "बसवायचं काम तेवढं तू कर. जावईबापूंच्या हाताला फोड येतील." सगळे हसले. बोरिस सगळ्यात मोठ्याने हसला. मी फिटर, आणि अक्कल जावयाची!

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बाकीचे लोक जेवायला गेले, तेव्हा मी लेथ सुरू केलं. बोरिसच्या पिनांऐवजी ट्रकमध्ये घालायला त्याच मापाच्या चार पिना काढल्या, उत्तम पोलादाच्या. तापवून, पाणी देऊन काचेसारख्या कडक केल्या आणि मग घासून इतक्या सारख्या केल्या की त्याच्या पिनांशेजारी ठेवल्या तर ओळखू येऊ नयेत. मी काय करतेय हे मला स्वच्छ कळत होतं. पिन तुटणार नाही, गिअरबॉक्स तुटेल, सगळ्यांसमोर बोरिसचं नाक कापलं जाईल आणि बाबा पुन्हा माझ्याकडे येतील. मला वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासाइतका माझा हात कधी स्थिर चालला नव्हता.

अठरा सप्टेंबर हा आमचा राष्ट्रीय दिवस, आणि त्या दिवशीची शर्यत वर्षातली सगळ्यात मोठी. धावपट्टीभोवती देशाचे झेंडे लावलेले, एम्पानादांच्या, म्हणजे खिम्याच्या करंज्यांच्या, पाट्या येत होत्या, आणि बाबा नवी टोपी घालून आले होते. पहिल्या चार फेऱ्यांत ते दुसऱ्या नंबरवर होते. पाचव्या फेरीत मोठ्या उंचवट्यावरून ट्रक उडाला. घोडा अर्थातच दाबलेला. ट्रक टेकला, कट्ट असा आवाज आला आणि मोटर नुसतीच किंचाळत राहिली.

"पिन गेली असेल, बाबा!" बोरिस खुशीत ओरडला. "दोन मिनिटं!"

आमच्या क्लबचा एक रिवाज आहे. मोडलेला ट्रक सगळ्यांसमोर टेबलावर उघडायचा, सुटा केलेला भाग हातोहात फिरवायचा, प्रत्येकाने आपलं मत द्यायचं, आणि मालकाने शेवटी बोलायचं. हातोहात म्हणजे अशा माणसांच्या हातून, जे आयुष्यभर लोखंड हाताळत आलेत.

गिअरबॉक्स उघडला. दातांचा चुरा होऊन टेबलावर पडला. पिना मात्र जागच्या जागी, अखंड.

क्लबचे अध्यक्ष कार्मेलोकाका खो खो हसले. "जावयाची पिन तुटली नाही की! विमा बुडाला रे विमा!"

बोरिस कानापर्यंत लाल झाला. मला बरं वाटलं. हो, वाटलं. आतून गारेगार वाटलं.

मग बाबांनी एक पिन ठोकून बाहेर काढली, बोटांत फिरवली आणि पेटीतून कानस घेतली. ही कानस तेवढी माझ्या डोक्यातच आली नव्हती. नरम पोलादावर कानस लागते. या पिनेवरून ती सरकली आणि ओरखडाही उमटला नाही. बाबांनी पुन्हा एकदा घासून पाहिलं. पोलादाला असं पाणी देणारं त्या मैदानात एकच माणूस होतं, आणि त्याला हे काम त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"आण इकडे," कार्मेलोकाकांनी हात पुढे केला.

बाबांनी मूठ मिटली. "पिनेचा दोष नाही. मी हवेत घोडा दाबून धरला. चूक माझी."

ही खोड बाबांनी सहा वर्षांत एकदाही कबूल केली नव्हती. त्यावरून त्यांनी कार्मेलोकाकांशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं.

"बरं, चूक तुझी. पण पिन तर फिरव. रिवाज आहे."

"नाही फिरवणार. चूक माझी म्हटलं ना?"

"अरे, पण..."

"कार्मेलो, पुरे."

बोरिस हळूच म्हणाला, "मीच चुकीच्या आणल्या असतील, बाबा."

"तू आणलेल्या बरोबर होत्या," बाबा म्हणाले.

लोक पांगले. मी ट्रक खोक्यात भरत होते. बाबा जवळ आले, मूठ उघडून पिन माझ्या तळहातावर ठेवली. ती त्यांच्या हातात गरम झाली होती.

"किती वेळ लागला?"

"जेवणाची सुट्टी."

ते मान हलवत बघत राहिले, कामाकडे बघतात तसे. "सुंदर झालीय," ते म्हणाले. "माझ्यासाठी एवढं सुबक तू कधी काही केलं नव्हतंस."

मी काही बोलणार तेवढ्यात बोरिस कागदात गुंडाळलेल्या एम्पानादा घेऊन आला. पहिली त्याने मला दिली. "ताई, गरम आहे, जपून. आणि एक सांगू का? पुढच्या वेळी शाफ्ट तुम्हीच निवडा. मला यातलं काही कळत नाही, उगाच नाक खुपसलं."

मला हवं होतं ते हेच. त्याच्याच तोंडून, बाबांच्या समोर, शब्दाशब्दाला हेच. बाबा माझ्याकडे बघत होते. खरं सांगायला एकच वाक्य पुरे होतं आणि ते माझ्या जिभेवर होतं.

"बरं," मी म्हणाले.

बाबांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. येताना ते माझ्या गाडीतून आले होते. जाताना बोरिसच्या गाडीत जाऊन बसले.