काकूंची उमेदवारी

टीमच्या पानावर चौदा नावं होती. त्यांतली पाच माणसं नियमाने काम करत. दोघं वर्षभर फिरकली नव्हती. तिघं काम थोडं करत आणि त्याबद्दल बोलत फार. उरलेली चार नावं एकट्या खारूताईची होती.

खारूताई हे तिचं साइटवरचं नाव. साइट होती एका जुन्या गेमची. कोरड्या गावात कालवे खणून पाणी आणायचं, एवढाच तो गेम, पण ज्यांना लागला त्यांना लागला. बनवणाऱ्या कंपनीने कधीच हात झटकले होते. नकाशे, मार्गदर्शन, शंकासमाधान असं सगळं चाहतेच बिनपगारी सांभाळत.

सात वर्षांपूर्वी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिने ही साइट सुरू केली, तेव्हा पहिल्या महिन्यात नऊ सभासद आले आणि त्यांतले सहा शुकशुकाट बघून आल्या पावली परत गेले. म्हणून तिने आणखी तीन खाती उघडली. भांडणं मिटवायला आणि नियम लावायला खडूस, लेखांतल्या चुका सुधारायला बाराखडी, आणि नव्या माणसांच्या भाबड्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरं द्यायला काकू. खरी माणसं जमली की या तिघांना गुपचूप निरोप द्यायचा, असं ठरलं होतं.

माणसं जमली. चार हजार सहाशे झाली. पण तोवर काकूंची अकरा हजारांवर उत्तरं लिहून झाली होती. काकू निवृत्त ग्रंथपाल होत्या, त्यांना दोन मांजरं होती आणि डावा गुडघा दुखायचा. कुणाला काय सांगितलं ते विसरू नये म्हणून खारूताईने एक तक्ता ठेवला होता. दिवसा ती एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची, त्यामुळे तक्ते ठेवायची तिला सवयच होती.

आणि आता तिला उंच डोंगरावरच्या हवामान केंद्रात नेमणूक मिळाली होती. दीड वर्ष. तिथे इंटरनेट आठवड्यातून वीस मिनिटं, तेही आकडे पाठवण्यापुरतं. ही जागा मिळावी म्हणून तिने तीनदा अर्ज केला होता. सोमवारी दुपारपर्यंत होकार कळवायचा होता. साइट कुणाच्या तरी हाती सोपवली की ती मोकळी.

ते कुणीतरी कोण, हे तिच्या मनात पक्कं होतं. मोजपट्टी. व्यवसायाने भूमापक, साइटवरचे सगळे नकाशे त्यांचे. सरळ त्यांनाच पासवर्ड द्यावेत म्हणून तिने विचारलं, तर ते म्हणाले, मतदान घ्या, खडूसचा नियम आहे. नियम होताच. मोठा निर्णय मतदानाने, टीममधलं कुठलंही नाव कुणीही सुचवू शकतं. तो तिनेच एका रविवारी फार विचार करून लिहिला होता.

मतदान जाहीर झालं आणि तासाभरात कुणीतरी काकूंचं नाव सुचवलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाळीस जणांनी दुजोरा दिला. खारूताईने घाईघाईने काकूंच्या खात्यात शिरून लिहिलं की आता झेपत नाही, माझं नाव काढा, मोजपट्टींना द्या. खाली उत्तरांची रीघ लागली. ज्यांना खुर्ची नको असते त्यांनाच द्यावी, असं एक जण म्हणाला. रोज ड्यूटी संपली की काकूंना चार ओळी लिहिणारी एक नर्स म्हणाली, तुमचं काम आम्ही वाटून घेऊ, तुम्ही फक्त असा.

मग तिने नाव काढण्याचा नियम शोधला. एक सभासद रुसून तीनदा उमेदवारी मागे घेऊन बसला होता, तेव्हा वैतागून खडूसने एक ओळ घातली होती : सुचवलेलं नाव मागे घेता येणार नाही. नियम बदलायचा तर त्यासाठी वेगळं मतदान, पंधरा दिवसांचं. सोमवारला राहिले होते पाच.

घरी वहिनीला हे सगळं माहीत होतं. दादाला नव्हतं; त्याच्या मते ही अजून गेमच खेळत बसते. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "मारून टाक की तिला. तुझीच आहे."

"कशाने मारू?"

"वय झालंय. गुडघा आहे."

"गुडघ्याने कुणी मरत नाही, वहिनी."

"मग इतकी वर्षं नुसता गुडघा कशाला दुखवलास? जरा हृदयाचं काहीतरी घालायचं होतंस."

खारूताई हसली, पण नंतर तिने खरंच दोन ओळींची निधनवार्ता लिहिली. नर्सचा त्या दिवसाचा निरोप वर तसाच होता, आज तीन पेशंट घरी गेले असा. तिने त्या दोन ओळी पुसल्या.

एकच वाट राहिली होती. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने नमुन्यांच्या खोलीत, बाटल्यांच्या रांगांमध्ये उभं राहून मोजपट्टींना फोन लावला. त्यांना सगळं सांगायचं. माणूस समजूतदार आहे, दोघं मिळून काहीतरी मार्ग काढू.

"मला काकूंबद्दल सांगायचंय," ती म्हणाली.

"आधी माझं ऐक, ताई. मी सगळ्यांना कळवलंय, माझं मत काकूंना. तुम्हीही त्यांनाच द्या म्हणून."

"पण नकाशे, सर्व्हर, हे सगळं तुम्हालाच जमतं."

"ते मी करीनच की. पण वर त्या हव्यात. तुला आठवतं, तीन वर्षांपूर्वी त्या खडूसने माझा उत्तर कालव्याचा नकाशा काढून टाकला होता? प्रमाण चुकलं म्हणे. दीड महिना घातला होता त्यात. मी निरोपाचा लेख लिहून खातं बंद करायला निघालो होतो."

तिला आठवत होतं. प्रमाण खरंच चुकलं होतं.

"काकूंनी दोन पानं लिहिली मला. म्हणाल्या, खडूसचं मनावर घेऊ नका, तो एकटा पडलेला माणूस आहे. त्याला मी अजून माफ केलेलं नाही. पण थांबलो तो काकूंमुळे. बाकीच्या साइटवर कोण कुणाच्या नावाने लिहितं, देव जाणे. इथं माणसं खरी आहेत. बरं, तू काय सांगणार होतीस?"

बाटल्यांवरची लेबलं तिने डावीकडून उजवीकडे वाचली.

"काही नाही. काकूंचा गुडघा पुन्हा दुखतोय."

"डावा ना?"

"डावा."

"मग त्यांना जास्त वेळ बसायला लावू नकोस," मोजपट्टी म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी तिने चारही खात्यांतून मोजपट्टींना मत दिलं. काकूंनीही आपलं मत त्यांनाच दिल्याचं जाहीर केलं, त्याचं फार कौतुक झालं. मतमोजणी बंद होईपर्यंत गुप्त होती. तो नियम मात्र मोजपट्टींचा होता.

रविवारी संध्याकाळी वहिनी तिच्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसली. स्क्रीनवर एका खिडकीत केंद्राचा होकाराचा अर्ज भरून तयार होता, फक्त पाठवायचा राहिला होता. दुसऱ्या खिडकीत मतदानाचं पान. वहिनीने विचारलं, मोजपट्टी निवडून आले तर?

"तर आत्ता अर्ज पाठवते."

"आणि काकू आल्या तर?"

"काकूंना रोज लॉगिन करावं लागेल."

"डोंगरावरून होणार नाही ते."

"नाही."

सहा वाजता मतदान आपोआप बंद झालं. एकूण मतं तीनशे त्रेपन्न. मोजपट्टी एकोणचाळीस. काकू तीनशे चौदा.