आत बोलणं चालू आहे, थांबा

मी पाटी बोलतेय. मनाच्या दवाखान्यात, बोलायच्या खोलीच्या दारावर खिळ्याला टांगलेली. दुतोंडी म्हणून माणसांना नावं ठेवतात, मला तर मुद्दाम तशी घडवली. एका बाजूला हिरव्या अक्षरांत 'या', दुसऱ्या बाजूला लाल अक्षरांत 'आत बोलणं चालू आहे, थांबा'.

कपाट करून उरलेल्या फळीतून एका सुताराने मला कापलं. कडा घासल्या, दोन भोकं पाडली, सुतळी ओवली. वाटलं होतं, एखाद्या दुकानावर लागेन, गर्दी बघेन. नशिबी आला हा चिंचोळा बोळ आणि समोरचा लाकडी बाक. दार जाड आहे, आतलं मला काही ऐकू येत नाही. आत जातानाचे चेहरे दिसतात आणि बाहेर येतानाचे.

उलटणं हेच माझं काम, आणि तेही माझ्या हातात नाही. समुपदेशन करणाऱ्या मॅडम मला फिरवतात. दिवसाला सात-आठ जणांची दुःखं ऐकणारी बाई, कधीतरी विसरते. मग झाडलोट करणाऱ्या मावशी ओरडतात, "मॅडम, पाटी!"

एका दुपारी साडेतीनला दोन भाऊ आले. धाकटा गॅरेजमध्ये कामाला, हाताला ग्रीस तसंच. थोरला कित्येक महिने धड जेवत नव्हता, झोपत नव्हता. धाकट्यानेच त्याला ओढून आणलं होतं. मी लाल होते. दोघं बाकावर बसले. वीस मिनिटं झाली, धाकट्याचा पाय एकसारखा हलत होता.

"आत काय पुराण लावलंय का?"

"अरे, बोलत असेल कोणीतरी. बसू या," थोरला म्हणाला.

"दादा, मालक शिव्या घालेल मला. चल, उद्या येऊ."

थोरला उठला. जाताना त्याने मला वाचलं, ओठ हलवत, अगदी सावकाश.

उद्या ते आले नाहीत. चार दिवसांनी थोरला गेला. स्वतःच जीव दिला त्याने.

तीन महिन्यांनी धाकटा एकटा आला. इथे साध्यासुध्या माणसांनाही दुसऱ्याचं ऐकायला शिकवतात, त्यासाठी.

"शाळा आठवीत सुटली माझी. चालेल?"

"कान आहेत ना? चालेल," मॅडम म्हणाल्या.

पण पहिले सहा महिने आत जायचं नाही. शिकाऊ माणसाने बाकावर बसायचं, आलेल्याला पाणी द्यायचं आणि मला फिरवायचं. संध्याकाळी त्याच बाकावर शिकवणी. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत याचा उपाय तयार असायचा. मावशी चिडवायच्या, "गॅरेजवाल्या, माणूस आहे तो, स्कूटर नाही! दम धर."

मी लाल असले की तो बेचैन व्हायचा. एका संध्याकाळी तो गॅरेजमधून उशिरा आला, तोवर मॅडम कधीच्याच घरी गेल्या होत्या आणि मी लालच. त्याने दार ढकललं. खोली रिकामी. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने मॅडमना गाठलं. दादाला आणलं होतं ती तारीख सांगितली. "त्या दिवशी तरी आत कोणी होतं ना?"

मॅडमनी वही काढली, पानं उलटली. त्यांना खोटं बोलता आलं असतं.

"नव्हतं रे. शेवटचा माणूस तीनला गेला. मी पलीकडच्या खोलीत लिहीत बसले होते. पाटी फिरवायची राहिली. चूक माझी."

मला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. पण पाटीला अक्षरं असतात, आवाज नसतो.

त्याने मला खिळ्यावरून उपटलं आणि भिंतीवर भिरकावलं. माझा कोपरा उडाला. "तो बसायला तयार होता हो! मीच उठवला त्याला!" मॅडम त्याच्या शेजारी बसल्या. मावशी झाडू टाकून दुसऱ्या बाजूला बसल्या. जमिनीवरून मला तिघांचे फक्त पाय दिसत होते. बराच वेळ कोणाचेच हलले नाहीत.

आठ दिवस तो फिरकला नाही. मला वाटलं, गेला हाही. नवव्या दिवशी आला. माझा तुकडा त्याच्या खिशातच होता. त्याने तो गोंदाने चिकटवला, वाकडा.

त्याच दुपारी एक म्हातारे मास्तर बाकावरून उठले. मी लाल होते, आणि या वेळी आत खरंच कोणी होतं.

"येतो उद्या," मास्तर म्हणाले.

धाकट्याचं तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "मी अजून शिकाऊ आहे, काका. मला फार काही येत नाही. पण बसतो तुमच्याजवळ."

मास्तर बसले. पाऊण तास दोघांत एक शब्द नाही. मग दार उघडलं, आतला माणूस गेला, मी हिरवी झाले, मास्तर आत गेले. धाकट्याने मला पुन्हा लाल केलं आणि बाकावर बसून ढसाढसा रडला.

आता मी थकले आहे. सुतळी विरली, हिरवा रंग उडाला. लाल अक्षरांखाली त्याने आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे: 'जाऊ नका. बाकावर मी आहे.' मॅडमनी ती वाचली, पुसली नाही.

पण शुक्रवारी तो गॅरेजला असतो. तेव्हा मावशी झाडू भिंतीला टेकवून बाकावर बसतात, आणि मावशी या महिनाअखेर काम सोडणार आहेत. म्हणून एवढंच मागते. शुक्रवारी या बोळातून गेलात आणि बाकावर कोणी एकटं दिसलं, तर घडीभर शेजारी टेका. ती ओळ माझ्या अंगावर आहे, पण खरी करणं मला जमत नाही.