हनुवटीचं राजकारण

बोरजाईवाडीत माणसाला आजार नंतर होतो, आधी त्याचा गट ठरतो. दूध डेअऱ्या दोन, गणपती दोन, भजनी मंडळं दोन. दोन्ही मंडळं एकाच वेळी एकाच देवाला हाका मारतात, त्यामुळे तो कुणाकडेच फिरकत नाही. यातल्या एका गटाचे धनी लालासाहेब, म्हणजे गावाचे आण्णा. वय सत्तरीला टेकलेलं, मिशी मात्र अजून तरणी. दुसऱ्या गटाचे धनी दिग्विजयराव. गावची विकास सोसायटी वर्षानुवर्षं आण्णांच्या ताब्यात होती आणि यंदा दिवाळीनंतर तिची निवडणूक लागली होती.

आण्णांच्या राजकारणात विरोधक सगळ्यात जास्त कशाला भीत असतील, तर त्यांच्या उठण्याला. बैठक रंगात आली की आण्णा मध्येच उठायचे. पाठोपाठ त्यांचा जिवाभावाचा ज्ञानू उठायचा. दोघं भिंतीआड जायचे ते बऱ्याच वेळाने परतायचे. तोवर दिग्विजयरावांची माणसं एकमेकांना विचारत राहायची, की आता कुठला डाव शिजतोय. या धास्तीपायी त्यांनी एकदा भरलेले अर्जसुद्धा मागे घेतले होते. खरं सांगायचं तर भिंतीआड दोघं शेजारी शेजारी उभे राहून लघवी होण्याची वाट बघत असत. वय झालं की एवढं चालायचंच, असं त्यांनी एकमेकांना एकदा सांगितलं होतं आणि विषय तिथंच मिटवला होता. मिशीवाल्या माणसाने बोलायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

श्रावणात आण्णांची दाढ ठणकायला लागली. गावात दाताचा दवाखाना एकच, स्टँडजवळचा, आणि तो नेमका दिग्विजयरावांच्या सुनेचा, डॉक्टर शिवांजलीचा. आण्णांच्या गटाची माणसं दात दुखला तर तालुक्याला जात. पण दाढेला गट कळत नाही. आण्णा तोंडाला उपरणं गुंडाळून गेले, पोरीने वरची डावी दाढ सुई देऊन काढली, मामा म्हणून हाक मारली आणि पैसे घेतले नाहीत. हे शेवटचं आण्णांना फार लागलं.

पुढे महिनाभराने आण्णांची हनुवटी बधिर झाली. उजवीकडची, ओठासकट. न्हाव्याचा वस्तरा फिरतोय की नाही ते कळेना. चहाचा ओघळ ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर यायचा आणि आण्णांना पत्ता नसायचा. मग शेजारी बसलेला ज्ञानू खांद्यावरच्या पंच्याने तो हलकेच टिपायचा आणि कानाशी म्हणायचा, ‘‘आण्णा, चहा सांडला.’’ बायकोनेही इतक्या निगुतीने पुसलं नसतं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. पण बोरजाईवाडीत कावळाही कुठल्यातरी गटाचा असतो. आण्णांनी पारावर जाहीर केलं, की सासऱ्याच्या सांगण्यावरून सुनेने सुईत काहीतरी घातलं. निवडणुकीत आपलं तोंड चालू नये म्हणून हा डाव आहे. हे ऐकून शिवांजली स्वतः आण्णांच्या घरी आली. दाढ वरची डावी आणि बधिरपणा खालचा उजवा, तेव्हा सुईचा यात संबंध नाही, हे तिने समजावून सांगितलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘मामा, हे साधं वाटत नाही मला. अशा दुखण्याचं मूळ कधी कधी भलतीकडेच असतं. सांगलीला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका.’’

आण्णांना त्यातून एवढंच कळलं की पोरगी घाबरली. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ते म्हणाले, ‘‘जो तिच्या खुर्चीत बसला न्हाई, त्येला कसलं भ्या न्हाई.’’ टाळ्या पडल्या. ज्ञानूला ते वाक्य इतकं आवडलं, की त्याने आण्णांच्या फोटोखाली छापून त्याचा फ्लेक्स स्टँडवर लावला. आठवड्याभरात दवाखाना ओस पडला. दिग्विजयरावांच्या गटाची माणसंसुद्धा उगाच विषाची परीक्षा नको म्हणून दातदुखी लवंगेवर काढू लागली.

तरी आण्णांचं समाधान होईना. मोठ्या डॉक्टरकडून तसं लिहून आणलं, की पोरगी कायमची जाळ्यात येईल, असं त्यांच्या मनाने घेतलं. म्हणजे आण्णा सांगलीला गेले ते दुखणं दाखवायला नव्हे, पुरावा आणायला. सोबत बायकोला, रंगूबाईंना घेतलं. संसाराची सगळी वर्षं त्या आण्णांची भाषणं ऐकत आल्या होत्या आणि त्यांचं मत अजून कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी हनुवटी टोचून पाहिली, जबड्याचा फोटो पाहिला आणि विचारलं, की लघवीला कसं होतं. आण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपण दाखवतोय काय आणि हा गृहस्थ विचारतोय काय! सगळं झकास आहे, असं ते मिशीवर हात फिरवून म्हणाले. तेव्हा रंगूबाई बोलल्या, ‘‘खोटं हाय ते. रातीत चार-चार बारी उठत्यात. दोन वरसं झाली. कंबर बी धरून चालत्यात.’’ परक्या माणसापुढे बायकोने आपलं धोतर फेडावं, तसं आण्णांना झालं.

मग रक्त तपासलं, सुईने तुकडा काढून तपासला, हाडांचे फोटो झाले. पुरुषाच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, तिथला कॅन्सर निघाला. तो हाडांत उतरून पार जबड्यापर्यंत पोचला होता. डॉक्टर म्हणाले, आता समूळ जाणार नाही, पण इंजेक्शनांनी दाबून ठेवता येईल, काही वर्षं चांगली जातील. लघवीला उठणं प्रत्येक वेळी कॅन्सरचंच असतं असं नाही, पण तेव्हाच दाखवलं असतं तर बरं झालं असतं. आणि ज्या दाताच्या डॉक्टरने तुम्हाला इकडे पिटाळलं तिचे आभार माना.

आण्णा कृष्णेच्या घाटावर बराच वेळ बसून राहिले. मरणाची भीती वाटत होतीच. पण गावात काय सांगायचं याची जास्त वाटत होती. हृदयाचा आजार असता तर मोठ्या माणसाला शोभला असता. शेवटी त्यांनी ठरवलं, की जबड्याची शीर आखडली म्हणून सांगायचं आणि बाकीचं पोटात ठेवायचं.

‘‘आणि त्या पोरीचं?’’ रंगूबाईंनी विचारलं. ‘‘तिनं तुमचा जीव राखायला बघितला आन् तुमी तिच्या दारात कुत्रं बी जाऊ दिलं न्हाई. उद्या तुमी गेल्यावर ह्ये पाप काय मी फेडू व्हय?’’

आण्णांना बाईची लाज वाटली, मग स्वतःची वाटली. मतदानाच्या आदल्या दिवशीच्या सभेत ते उभे राहिले आणि जन्मात केलं नव्हतं ते त्यांनी केलं, खरं बोलले. आजाराचं नाव सांगितलं, जागा सांगितली, भिंतीआडचं राजकारण काय होतं तेही सांगितलं. पोरीचा काडीचा दोष नाही म्हणाले, आणि ज्याला रात्री उठावं लागतंय त्याने सांगली गाठावी म्हणून हात जोडले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. असा डाव गावाने आजवर पाहिला नव्हता. काय सहानुभूती, काय मोठं मन! सुईत कॅन्सर घालणारीलाही आण्णांनी माफ केलं, असं जो तो म्हणू लागला. आण्णांचं अख्खं पॅनेल निवडून आलं. फ्लेक्स तसाच राहिला आणि दवाखानाही तसाच ओस राहिला.

आण्णांचं म्हणणं खरं मानलं ते फक्त विरोधकांतल्या काहींनी. शिवांजलीने सासऱ्यांना गाडीत घालून सांगलीला नेलं. दिग्विजयरावांचा आजार सुरुवातीलाच सापडला, ऑपरेशन झालं, आता ते पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागलेत. त्यांच्या गटातले आणखी काहीजण गुपचूप तपासून आले. आण्णांच्या गटातून एकही गेला नाही.

नव्या संचालकांची पहिली बैठक भरली. इंजेक्शनांनी आण्णांना आता सारखं उठावं लागत नव्हतं. ज्ञानू मात्र उठला, कमरेवर हात ठेवून भिंतीआड गेला आणि बऱ्याच वेळाने आला. तो बसताच आण्णांनी त्याचा हात धरला. ‘‘ज्ञानू, उद्या गाडी सांगितलीया. माझ्यासंगं सांगलीला चल गड्या. मी पाया पडतो तुझ्या.’’

ज्ञानू हसला. ‘‘मला काय धाड भरलीया? आवं, तुमीच सांगितलंय की आण्णा. जो तिच्या खुर्चीत बसला न्हाई, त्येला कसलं भ्या न्हाई. मी कवा बसलोय?’’

आण्णांना समोरचा ज्ञानू धूसर दिसायला लागला. ज्ञानूने नेहमीसारखा खांद्यावरचा पंचा ओढला आणि त्यांची हनुवटी हलकेच टिपली.

‘‘आण्णा,’’ तो कानाशी म्हणाला, ‘‘चहा सांडला.’’

चहा अजून यायचा होता.