एक इंच वजा

मी शिंप्याच्या गळ्यातली एक जुनी टेप आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना म्हणे डोळ्यांत पाणी आणतात. मला डोळे नाहीत. माझ्या अंगावर साठ इंचांचे आकडे आहेत, आणि त्या आकड्यांचं माणसांनी काय करून ठेवलं ते आठवलं की माझी सुती पट्टी अजूनही ताठ होते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढऱ्या पट्टीवर पिवळा रंग चढला, काळे आकडे छापले गेले, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या बसल्या. तिथून मी आले ती थेट मास्तरांच्या गळ्यात. मास्तर म्हणजे आमचे टेलरमास्तर. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि दुकान नवं होतं. खाली दुकान, वर घर, मधे लाकडी जिना. दुकानात दोन शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल, भिंतीला फूटपट्टी, काचेत कपडे घालून उभी केलेली एक पुतळी. खिडकीपाशी काज-बटणाच्या मावशी. मास्तर माप घ्यायचे आणि खड्या आवाजात पुकारायचे, "छाती छत्तीस! कंबर तीस!" मावशी सुई दातांत धरून ते वहीत लिहायच्या. साऱ्या दुकानाला ऐकू जायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा तोराच होता.

मग एकदा मास्तर गिऱ्हाईकाशी गप्पांत रंगले आणि तापलेली इस्त्री माझ्या टोकावर तशीच राहिली. पितळेची टोपी काळी पडली, पहिला इंच करपला. मास्तर हळहळले. त्यांनी कात्री घेतली आणि एकच्या रेघेवर मला सरळ कापलं. "नवी आणा की," मावशी म्हणाल्या. "हिच्यावर माझा हात बसलाय," मास्तर म्हणाले. "एक वजा करायचा, झालं." तेव्हापासून माझ्यावर सव्वीस दिसले की मास्तर पंचवीस पुकारायचे. सवय अशी मुरली की आपण वजाबाकी करतो हे त्यांचं त्यांनाही आठवेनासं झालं. ही गोष्ट तीन जणांना ठाऊक होती. मास्तरांना, मावशींना आणि मला.

आता माझा राग ऐका. इतकी वर्षं मी माणसांच्या अंगाभोवती फिरले, पण स्वतःच्या अंगाबद्दल खरं बोलणारा माणूस मला विरळाच भेटला. एक कंत्राटदार यायचे. माप देताना श्वास आत ओढून उभे राहायचे, चेहरा लालबुंद. मास्तरांनी आकडा पुकारला की म्हणायचे, "छे छे, मी होतो तेवढाच आहे. तुमची टेप आटलीय मास्तर!" मी आटले! तीन पायऱ्या चढून दुकानात आले तरी पाच मिनिटं खुर्चीत धापा टाकायचे आणि वर स्वतःला धडधाकट म्हणवायचे, का, तर जुन्या कोटाचं बटण अजून लागतं म्हणून. श्वास रोखून कुणाचंही बटण लागतं!

आणि एक शाळेतल्या बाई होत्या. तीन महिन्यांत त्यांची कंबर चार इंचांनी उतरली. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वाहवा करू लागली. "काय सुरेख दिसताय! आम्हालाही सांगा की काय करता ते." बाई ओशाळं हसल्या. काही करत नव्हत्या त्या. मास्तरांनी मला गुंडाळत हळूच विचारलं, "बाई, तब्येत बरी आहे ना? एकदा दाखवून घ्या." त्यांना आजार होता. वेळेवर कळला, बऱ्या झाल्या. पण आजाराचं कौतुक करणारे ते सगळे शहाणे पुढच्या महिन्यात पुन्हा आले आणि कुणाला लाजही वाटली नाही. बारीक म्हणजे छान, हे एकदा डोक्यात बसलं की समोरचं माणूस झिजतंय हेसुद्धा दिसत नाही!

पण हे सगळं मी गिळलं. गिळता आलं नाही ते धाकटीचं.

धाकटी म्हणजे मास्तरांची लेक. चौदा वर्षांची. थोरला भाऊ नोकरीला दुसरीकडे, आई दिवसभर टपाल कचेरीत. धाकटीचा सगळा दंगा खाली दुकानातच. ती जिना कधी उतरत नसे, कोसळत असे. दोन-दोन पायऱ्या एकदम, धाड धाड धाड. मावशी ओरडायच्या, "अगं, जिना मोडशील, नाहीतर स्वतः मोडशील!" शाळेत धावण्यात तिचा पहिला नंबर. वाढत्या अंगाची, सारखी भुकेली. मावशींचा डबा उघडला की पहिला हात तिचा.

शाळेच्या नव्या स्कर्टसाठी मास्तरांनी तिचं माप घेतलं आणि नेहमीप्रमाणे पुकारलं, "कंबर पंचवीस!" खुर्चीत एक बाई ब्लाउजची वाट पाहत बसल्या होत्या. त्या मासिकातून मान वर काढून म्हणाल्या, "अगंबाई, पंचवीस? हिच्या वयात माझी बावीस होती हो! आत्तापासून जपायला हवं."

खोटं! मित्रांनो, त्या बाईंना त्या वयात मीच मोजलं होतं. सव्वीस होती त्यांची कंबर, आणि छान गुटगुटीत, हसरी पोर होती ती. चाळिशीत येऊन तिने स्वतःचंच बालपण चार इंचांनी आत घेतलं होतं. मला तोंड असतं तर मी साऱ्या दुकानात पुकारलं असतं. मास्तर हसले, "खातं-पितं लेकरू आहे हो." विषय त्यांच्यापुरता संपला. धाकटी मात्र हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर कापड आणायला गेले, मावशी नळावर गेल्या. धाकटीने मला खुंटीवरून काढलं आणि कमरेला गुंडाळलं. माझ्यावर सव्वीस दिसले. काल बाबांनी पंचवीस पुकारले होते. तिने मला सोडून पुन्हा गुंडाळलं, पुन्हा सव्वीसच. एका रात्रीत एक इंच! रात्री दुसऱ्यांदा घेतलेला भात तिच्या डोळ्यांसमोर आला असणार. एक वजा कर गं, मी ओरडत होते, एक वजा कर. सुती पट्टीचं ओरडणं कोण ऐकतं?

मग ती काचेतल्या पुतळीकडे गेली. पुतळीच्या अंगात निळा फ्रॉक होता, समोरून कसा चापूनचोपून बसलेला. धाकटीने मला त्या कमरेभोवतीही फिरवलं. तेवीस. तिने ओठ मिटले आणि मला परत खुंटीवर ठेवलं. मला त्याच क्षणी भीती वाटली.

त्या दिवसापासून ती आईला सांगायची, "मी खाली बाबांबरोबर जेवले." बाबांना सांगायची, "मी वर आईबरोबर जेवले." दोघांनाही ते खरं वाटायचं, कारण दोघंही कामात होते. मावशींचा डबा उघडला की ती पुस्तक घेऊन वर जायची. दुपारी कुणी नसलं की मला काढायची. पंचवीस झाले. साडेचोवीस झाले. आकडा उतरला की तिचा चेहरा उजळायचा आणि मी तिच्या अंगाला लागून होते म्हणून मला कळायचं, की ते अंग गार पडत चाललंय. माझ्याखाली पूर्वी धपापणारं ऊबदार पोट होतं. आता बरगड्या मला टोचायच्या. जिन्यावरचं धाड धाड बंद झालं. एकेक पायरी, मधे थांबून. "पोरगी शहाणी झाली," मास्तर कौतुकाने म्हणाले. शहाणी! गावभराच्या अंगाचा पाव-पाव इंच टिपणारा हा माणूस, आणि घरातली लेक अर्धी झाली ते दिसेना!

ते दिसलं मावशींना. शाळेचा स्कर्ट उसवला म्हणून धाकटीच्या आईने तो दुरुस्तीला खाली पाठवला होता. मावशींनी पट्टा उलटा केला आणि त्यांचे हात थांबले. हुक जिथे होता तिथे सुईची रिकामी भोकं. त्याच्या पुढे आणखी भोकं. त्याच्याही पुढे, आडव्यातिडव्या टाक्यांनी, हुक.

"मास्तर, हे तुम्ही केलंत?"

"मी कशाला करू?"

"मग दोन वेळा हुक सरकवलाय कुणी? बोलवा तिला. आत्ता."

धाकटी आली. मास्तरांनी काही न विचारता मला तिच्या कमरेला लावलं. सवय जात नाही. ते पुटपुटले, "तेवीस."

"चोवीस आहे, बाबा," धाकटी म्हणाली. "मला वाचता येतं. अजून एक कमी करायचाय."

"चोवीस कुठे गं, ही टेप तुटकी आहे. एक वजा करायचा असतो..." मास्तरांनी माझं कापलेलं टोक हातात घेतलं आणि भिंतीवरच्या फूटपट्टीला लावून तिला दाखवलं. "हे बघ. पहिला इंच नाहीच. तू पंचवीसच होतीस गं पोरी. तू वाढली नव्हतीस."

मला वाटलं, सुटलो. आता ती रडेल, हसेल, मावशींचा डबा ओढेल. चूक सापडली की हिशेब जुळतो, अशी माझीही भाबडी समजूत होती. धाकटीने क्षणभर विचार केला आणि शांतपणे म्हणाली,

"मग पुतळीसुद्धा तेवीस नाही. बावीस आहे. म्हणजे अजून एक राहिलाच."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. मी बरोबर असते तरी तिने हेच केलं असतं, हे मला तेव्हा कळलं. माझ्या तुटक्या इंचाने तिला फक्त पहिला धक्का दिला होता. आत शिरलेलं भूत माझं नव्हतं.

उठल्या त्या मावशी. तरातरा काचेपाशी गेल्या, पुतळीला कमरेला धरून गर्रकन फिरवलं. पाठीवर, फ्रॉकच्या चुण्या आवळून, ओळीने आठ चिमटे लावलेले होते. "हिच्याशी बरोबरी करतेस? ही बघ!" त्यांनी एकेक चिमटा उपटून टेबलावर आपटला. फ्रॉक ढगळ होऊन लोंबला. "हिला भूक लागत नाही, हिला धावायचं नाही, हिची उंची वाढायची नाही. पोटात भुसा आहे सटवीच्या! तुझ्या पोटात काय भरू, सांग!"

तेव्हा धाकटीचा बांध फुटला.

दुसऱ्या दिवशी ते तिला दवाखान्यात घेऊन गेले. मास्तर मला गळ्यातून काढायलाच विसरले, म्हणून मीही गेले. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही बाहेर ठेवा आधी." मला राग आला नाही. दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं. त्यांनी वजन केलं, उंची घेतली, जुन्या नोंदी पाहिल्या. मग विचारलं, थंडी वाजते का, चक्कर येते का, केस गळतात का, पाळी किती महिने आली नाही, शेवटचं कधी धावलीस.

"पण मला जाड वाटतं," धाकटी म्हणाली.

"वाटतं, हे मी खरं मानते," बाई म्हणाल्या. "पण वाटणं म्हणजे तपासणी नव्हे. तुझ्या वयात उंचीही वाढायला हवी आणि वजनही. उंची वाढली आणि वजन उतरलं, म्हणजे तू आजारी आहेस. हे एकटीने ठरवायचं काम नाही. तुझं नाही, बाबांचं नाही, बाजारातल्या काट्याचंही नाही. आपण सगळे मिळून बघू."

घरी येताना मास्तर वाटभर एकच वाक्य म्हणत होते, "मीच पुकारलं. मीच पुकारलं भर दुकानात."

हे एका दिवसात बरं होणारं दुखणं नव्हतं. महिने गेले. आईने कामाच्या वेळा बदलून घेतल्या. एक जेवण तिघांनी एकत्र, हे ठरलं. कधी धाकटी अर्धं ताट सारून रडायची, कधी आईवर धावून जायची. मावशी बटणं लावता लावता गुणगुणायच्या,

"वाढत्या वेलीला, देऊ काठीचा आधार
किती आली पानं, कोण मोजतो गं भार."

"किती भसाडं गाता मावशी," धाकटी म्हणायची. "तू जेव, मी थांबते," मावशी म्हणायच्या. मास्तरांनी तिचा नवा स्कर्ट न मोजताच बेतला, कमरेला नाडी, शिवणीत पुढे उसवून वाढवायला दोन इंच माया. दुकानात मापं पुकारणंही बंद झालं. ते आता स्वतःच वहीत लिहितात आणि वही मिटतात. माझ्या जागी नवी टेप आली. मी बटणांच्या डब्यात असते, आणि तिथे मला बरं वाटतं.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. मी कापडासाठी जन्मले. बाही किती, घेर किती, एवढंच मला कळतं. तुमचं काळीज किती जोरात चालतं, हाडं किती पक्की झाली, ते मला विचारू नका, आरशाला विचारू नका, आणि खुर्चीत बसून आपलं बालपण आत घेणाऱ्या बायाबापड्यांना तर मुळीच विचारू नका. शंका आली तर जाणत्याकडे जा, मोठ्यांना हाताला धरून न्या. आणि कुणी झिजताना दिसलं तर वाहवा करू नका, जेवलास का म्हणून विचारा. उगाच कुणाच्या कमरेवर बोलाल तर खबरदार!

परवाची गोष्ट. शाळा सुटली होती. मास्तर कोट कापत होते. धाकटी दप्तर टाकून दारात उभी राहिली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली,

"बाबा, भूक लागलीय मला. खूप."

मास्तरांनी कापता कापता कोट तसाच सोडला. ऐन गर्दीच्या वेळी, सहा गिऱ्हाइकं ताटकळत असताना, त्यांनी दुकान अर्धं लोटलं आणि लेकीच्या मागोमाग वर जेवायला गेले.