पहूरची सुपारी

लोटन पाटील गायला लागला की खान्देशातल्या आयाबहिणींचे पदर डोळ्यांना लागतात. बँडच्या गाडीवर पुढे बसून माईकवर गाणारा हा अमळनेरचा माणूस. गाणी अहिराणीत स्वतः लिहितो, चाली स्वतः बांधतो. बरीच वर्षं त्याला वरातीपलीकडे कुणी विचारत नव्हतं. मग त्याचं बिदाईचं गाणं मोबाइलवर आलं, आणि जळगावापासून धुळ्यापर्यंत ते वाजल्याशिवाय नवरीची गाडी हलेनाशी झाली.

बहीण सासरी निघाली आहे, भाऊ गाडीचं दार धरून उभा आहे आणि त्याच्याच्यानं दार सोडवत नाही, असं ते गाणं. आता गंमत पाहा. लोटनची एकुलती एक बहीण कामिनी सासरी निघाली, तेव्हा हा दाराशी नव्हता. गावातसुद्धा नव्हता.

झालं होतं असं, की बँडवाल्यांत सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला. घरात काही का होईना, वरात वाजवायचीच. लोटनने पहूर गावातल्या एका वरातीची सुपारी चार महिने आधी घेतलेली, आणि मागाहून ठरलेल्या कामिनीच्या लग्नाला वैशाखातली नेमकी तीच तिथी निघाली. आई सुनंदाबाई म्हणाली, दुसरा गाणारा पाठव. हा म्हणाला, "बिदाईना टाईमले मी ई जासू," म्हणजे पाठवणीला येऊन पोचतो. कामिनी ते ऐकत उभी होती. 

पहूरला दुपारी तीनच्या सुमारास काम उरकलं. जीप तयार होती. पण वऱ्हाडी म्हणाले, आणखी एक होऊ द्या, आणि हा गायला. मग आणखी एक. पुढे घरातलं कुणी विचारलं की लोटन सुपारीकडे बोट दाखवायचा. मनात मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं की त्या दिवशी कुणी त्याचा हात धरला नव्हता. वाहवा गोड लागली, एवढंच. तो घरी पोचला तेव्हा मांडवातल्या खुर्च्या एकात एक रचून ठेवल्या होत्या.

त्या दुखण्यातूनच काही वर्षांनी गाणं आलं. दुखणं खरं होतं, पण मनात जे व्हायला हवं होतं तेच त्याने लिहिलं. लोकांनी ते घडलेलं म्हणून घेतलं आणि लोटनने कधी दुरुस्त केलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कामिनी दर राखीला यायची, ओवाळायची, जेवून धुळ्याला परत जायची. गाण्याबद्दल तिने चांगलं-वाईट एक अक्षर काढलं नाही. ते न बोलणं लोटनला दरवर्षी जास्त जड जायचं.

यंदा धुळ्यात त्याचा सत्कार ठेवला होता. नाट्यगृह खच्चून भरलेलं. शाल पांघरून झाली, तशी निवेदिका विधी हसत म्हणाली, "आता एक गंमत. ज्यांच्यासाठी हे गाणं लिहिलं गेलं, त्या कामिनीताई आज इथे आल्या आहेत."

 लोटनला कुणी काही सांगितलं नव्हतं. कामिनी शांतपणे पायऱ्या चढून खुर्चीवर येऊन बसली. तिच्या एका वाक्यात सगळी कमाई धुळीला मिळणार होती, आणि तिने ते बोलू नये असं म्हणायचाही त्याला हक्क नव्हता.

"ताई, भावाने गाडीचं दार धरलं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" विधीने विचारलं.

कामिनीने माईक हातात घेतला. "मन्हा डोयामा पानी व्हतं," ती म्हणाली. "दार कोनी धरं, माले काही दिखनं नही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिने खोटं सांगितलं नव्हतं आणि भावाला उघडंही पाडलं नव्हतं. लोटनला हायसं वाटायला हवं होतं, पण त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं हिलाही लग्नाकार्यात लोक म्हणत आले असतील, हीच ती बहीण, काय भाऊ मिळाला. आणि ही मान डोलवत राहिली असेल. गाणं त्याचं झालं होतं, नाव त्याचं झालं होतं, आणि ओझं ती वाहत होती.

वादकांनी सुरुवात केली. लोटन उभा राहिला. पहिली ओळ नेहमीची गायला. दुसरीच्या जागी तो थांबला, आणि वादकांकडे न बघता, तिथल्या तिथे सुचेल तसं गायला:

"गाडी निंघनी बहीननी, दारवर कोनी नही,
भाऊ दुसरानी वरातमा, त्याले याद बी नही."

नहीला नही जोडलेलं, यमकसुद्धा धड नाही. तबलजी चुकला. सभागृहात कुजबुज झाली. डोळ्यांकडे नेलेले पदर बायकांनी खाली घेतले, काही जण उठूनही गेले. लोटनने पहूरचं सगळं गाऊन टाकलं, आणखी एक, आणखी एक म्हणणाऱ्या लोकांसकट. शेवटी टाळ्या पडल्या त्या शिष्टाचाराच्या. आयोजकांचे चेहरे पडले होते.

पडद्यामागे लोटन हार काढत उभा होता. कामिनी आली. त्याला वाटलं, आता तरी ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"पहिलं गानं चांगलं व्हतं, भाऊ," ती म्हणाली.

"माले मालूम शे."

ती जवळच्या खुर्चीवर बसली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर रडली. रडतच म्हणाली,

"पन हाई आजनं मन्हं शे."